ग्रंथालयाचे पान कोण सांभाळणार? कर्मचाऱ्यांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या सार्वजनिक ग्रंथालयातले आहे. ग्रंथालयाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. घटनाक्रम आणि निर्णय मात्र जसे घडले तसेच ठेवले आहेत. मुख्य इमारत, तीन शाखा, देवघेव, संदर्भ, नियतकालिके, बालविभाग आणि तालिकीकरण (पुस्तकांची सूची करणारा विभाग) अशी नेहमीची रचना. देवघेव संगणकावर चालायची, तालिका ऑनलाइन पाहता यायची. बहुतेक कर्मचारी अनेक वर्षांच्या अनुभवाचे. वाचक समोर आला की त्याला काय हवे आहे हे त्याच्या पहिल्या वाक्यावरून ओळखणारी माणसे.

ग्रंथालयाचे फेसबुकवर पान होते. एका तरुण कर्मचाऱ्याने ते उत्साहाने उघडले होते. फेसबुकवरचे पान कोणाच्या तरी व्यक्तिगत खात्यातूनच चालवावे लागते आणि या पानाचा प्रशासक तो एकटाच होता. तो नोकरी सोडून गेला आणि पान तसेच राहिले. त्यावर जुन्या वेळा होत्या, जुना दूरध्वनी क्रमांक होता. वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना महिनोन् महिने उत्तर नव्हते. बदललेल्या वेळेची कल्पना नसल्यामुळे काही वाचक बंद दारापर्यंत येऊन परत गेले.

एका शाखेने आपल्यापुरता व्हॉट्सॲप गट काढला होता. नवीन पुस्तकांची माहिती त्यावर जायची आणि वाचकांना ती आवडायचीही. पण गटातल्या प्रत्येकाला इतर सगळ्यांचे क्रमांक दिसत होते. एका महिला सभासदाला गटातल्याच कोणाचे तरी नको ते संदेश येऊ लागले. तिने तक्रार न करता गट सोडला. शाखेला कारण पुष्कळ दिवसांनी कळले.

अडचण

व्यवस्थापन समितीने ठराव केला की ग्रंथालयाने सोशल मीडियावर 'सक्रिय' व्हावे. ठराव एका ओळीचा होता. मुख्य ग्रंथपालांनी तो घेऊन प्रत्येक विभागात बसून बोलणे केले, आणि या प्रकरणातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे. कोणती खाती उघडायची हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला आणि विचारले, "काउंटरवर असे काय विचारले जाते, की ज्याचे उत्तर देताना तुम्हाला अडखळायला होते?"

देवघेव विभागातल्या एक बाई म्हणाल्या, "मॅडम, ई-पुस्तक फोनवर कसे उघडायचे हे वाचक मला विचारतात आणि मी त्यांना दुसऱ्या टेबलाकडे पाठवते. तिथला माणूस रजेवर असला की वाचक तसाच जातो." संदर्भ विभागात कळले की विद्यार्थी संदर्भयादी आपोआप तयार करणाऱ्या झोटेरोसारख्या साधनांबद्दल विचारतात. बालविभागाला गोष्टींच्या तासाची सूचना पालकांपर्यंत पोचवायची होती, पण ती भिंतीवरच्या फलकापलीकडे जात नव्हती. कार्यालयातल्या लिपिकाची तक्रार आणखी वेगळी: त्यांच्या सगळ्या सूचना जुन्या, युनिकोड (कुठल्याही संगणकावर तीच अक्षरे दिसावीत अशी सर्वमान्य पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेल्या होत्या आणि त्या संकेतस्थळावर चिकटवल्या की अगम्य चिन्हांची रांग उमटायची.

म्हणजे अडचणी दोन होत्या आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या होत्या. कर्मचाऱ्यांना साधने वापरता येत नव्हती, हे एक. ग्रंथालयाच्या नावाने उघड्यावर बोलायचे कोणी आणि कसे, हे कोणीच ठरवलेले नव्हते, हे दुसरे. पहिलीवर पुष्कळ काम झाले. दुसरीकडे उशिरा लक्ष गेले, आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय बाहेरचा तज्ज्ञ बोलावून दिवसभराची कार्यशाळा घेण्याचा. सोपा, लवकर उरकणारा, अहवालात नीट दिसणारा. पण अशा कार्यशाळा आधी झाल्या होत्या. पडद्यावर भराभर सरकणारी चित्रे पाहून सगळे परतले आणि आठवड्याभरात काहीच आठवत नव्हते. बोटांनी स्वतः केल्याशिवाय ही साधने अंगवळणी पडत नाहीत.

दुसरा पर्याय, सगळे काम एखाद्या तरुण कंत्राटी माणसाकडे सोपवण्याचा. समितीतल्या काहींना तो पसंत होता. मुख्य ग्रंथपालांचा आक्षेप असा की असा माणूस चित्रे सुंदर करील, पण 'या लेखकाचे दुसरे पुस्तक आहे का' या प्रश्नाला त्याला पुन्हा काउंटरवरच यावे लागेल. शिवाय तो गेला की जुन्या पानासारखीच गत.

तिसरा पर्याय ग्रंथालयांच्या जगात जुना आहे. अमेरिकेतल्या शार्लट आणि मेक्लेनबर्ग परगण्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलीन ब्लोअर्स यांनी २००६ साली 'लर्निंग २.०' नावाचा उपक्रम आखला. '२३ गोष्टी' म्हणून तो ओळखला जातो. ब्लॉग, छायाचित्रे, आरएसएस (संकेतस्थळांवरचे नवे लेखन आपोआप आणून देणारी सोय), विकी, पॉडकास्ट अशा तेवीस छोट्या गोष्टी कर्मचाऱ्याने आपापल्या गतीने करून पाहायच्या आणि काय वाटले ते स्वतःच्या ब्लॉगवर लिहायचे. सगळ्या गोष्टी पूर्ण करणाऱ्याला एमपी३ प्लेअर मिळायचा. अभ्यासक्रम मुक्त परवान्याखाली ठेवल्यामुळे जगभरच्या ग्रंथालयांनी तो आपापल्या गरजेप्रमाणे बदलून घेतला.

मूळ यादीतली टेक्नोराती, डिलिशस, रोलिओ ही संकेतस्थळांची नावे आज नव्या कर्मचाऱ्याच्या कानावरही आलेली नसतात. साधने गेली, तरी शिकण्याची ती रीत टिकली, कारण तिच्यात चाचपडायला मोकळीक आहे. समितीपुढे मुख्य ग्रंथपालांनी हाच मुद्दा मांडला आणि तिसरा पर्याय मंजूर करून घेतला.

काय केले

दहा आठवडे, दर आठवड्याला दोन गोष्टी, असा आराखडा ठरला. प्रत्येक गोष्टीचे तीन भाग होते: पाहा, करून बघा, चार ओळी लिहा. यादी विभागांतल्या बोलण्यातूनच निघाली. युनिकोडमध्ये टंकणे आणि फोनवर बोलून मजकूर उतरवणे पहिल्याच आठवड्यात घेतले, कारण त्यावाचून पुढचे सगळे अडले असते. त्यानंतर ई-पुस्तक फोनवर घेणे, सामायिक कागद आणि तक्ते (अनेकांना एकत्र लिहिता येणारे, ऑनलाइन), ऑनलाइन अर्ज बनवणे, झोटेरो, चित्राला पर्यायी मजकूर (चित्रात काय आहे ते सांगणारे शब्द) देणे, फेसबुक, व्हॉट्सॲपचे गट, प्रसारण सूची आणि चॅनेल यांतला फरक. शेवटच्या आठवड्यात गोपनीयता आणि सुरक्षितता.

शिकताना जोड्या लावल्या, त्याही मुद्दाम वेगवेगळ्या विभागांतल्या. बक्षिसाचा विचार सोडून दिला. त्याऐवजी प्रशिक्षणाची नोंद सेवापुस्तिकेत घ्यायचे समितीकडून मान्य करून घेतले. अनुभवाच्या ओळी जाहीर ब्लॉगवर लिहायच्या, की आपसांतल्या सामायिक कागदावर, यावर बराच खल झाला. शार्लटमध्ये त्या उघड होत्या. इथे मात्र कर्मचाऱ्यांना आपल्या चुका वाचकांसमोर नको होत्या, म्हणून आपसांतला कागद ठरला. मला हा निर्णय पटतो. पहिल्या आठवड्यातल्या नोंदीत एकाने लिहिले होते, 'पासवर्ड तीनदा विसरलो, चौथ्यांदा वहीत लिहून ठेवला, तेही चूक आहे असे जोडीदार म्हणाला.' हे वाक्य त्याने जगासमोर लिहिले नसते, आणि त्यातून निघालेली पासवर्डची चर्चा झालीच नसती.

एक पेच आधीच उभा राहिला. तालिकीकरण विभागाच्या ज्येष्ठ बाईंनी स्पष्ट सांगितले, "मी फेसबुकवर नाही आणि येणारही नाही." काहींनी सुचवले की सरावासाठी खोट्या नावाने खाते उघडून द्यावे. पण फेसबुकच्या नियमांत खोट्या नावाच्या खात्याला जागा नाही, आणि नियम मोडून प्रशिक्षण सुरू करणे ग्रंथालयाला शोभले नसते. शेवटी ठरले की कोणावरही व्यक्तिगत खाते उघडायची सक्ती नाही. ज्यांचे खाते आहे त्यांच्या शेजारी बसून इतरांनी पाहावे. याच बाईंनी पुढे ग्रंथालयाच्या छायाचित्रांना नावे देण्याची पद्धत बसवली: वर्ष, महिना, विभाग, विषय, याच क्रमाने आणि ठरलेल्या शब्दांतच. विषयशीर्षके देण्याची आयुष्यभराची सवय तिथे कामी आली. आज त्या ग्रंथालयात कुठलेही छायाचित्र शोधायला वेळ लागत नाही.

तिसऱ्या आठवड्यातला निर्णय

'कामातून वेळ मिळेल तसे करा' अशी मूळ सूचना होती. तिसऱ्या आठवड्यात सामायिक कागद पाहिला तेव्हा चित्र उघड झाले. कार्यालय आणि संदर्भ विभागाच्या नोंदी पूर्ण होत्या, देवघेवच्या रकान्यात जवळजवळ काही नव्हते. काहींनी त्याचा अर्थ 'त्यांना रस नाही' असा लावला. वस्तुस्थिती अशी की काउंटरवरच्या माणसाला रिकामा वेळ नसतोच. रांग संपते तेव्हा परत आलेली पुस्तके रॅकवर लावायची असतात. ज्यांना वाचकांचे प्रश्न सर्वांत जास्त झेलावे लागतात, तेच शिकण्याबाहेर पडत होते.

इथे तीन गोष्टी सुचवल्या गेल्या. मुदत वाढवावी. घरी करायला सांगावे. किंवा कामाच्या वेळात ठरावीक तास काढून द्यावा. मुदत वाढवून वेळ निर्माण होत नाही. घरी करायला सांगणे म्हणजे विनामोबदला काम. घरची जबाबदारी ज्यांच्यावर जास्त, त्यांच्यावर त्याचा भार सर्वांत जास्त. तिसरा मार्ग निवडला. प्रत्येकाला आठवड्यातून एक तास वेळापत्रकात लिहून दिला आणि त्या तासाला काउंटरवर दुसऱ्या विभागाचा माणूस बसवला. मुख्य ग्रंथपाल स्वतः त्या पाळीत आल्या. पुष्कळ वर्षांनी त्या काउंटरवर बसल्या आणि दंडाच्या पावतीचा क्रम किती किचकट आहे हे त्यांना तिथे दिसले. तो नंतर बदललाही.

कर्मचाऱ्यांना नवे शिकवायचे आणि त्यासाठी तास द्यायचा नाही, हे अनेक संस्थांत चालते. या ग्रंथालयात तास दिल्यावर पुढच्या दोन आठवड्यांत देवघेवचे रकाने भरू लागले. त्यांतले निरीक्षण इतरांपेक्षा धारदार होते, कारण ते थेट वाचकांकडून आलेले होते. एकीने लिहिले की ई-पुस्तकाची पायरी समजावताना वाचकाचा फोन आपल्या हातात घ्यायचा नाही, वाचकालाच करू द्यायचे. नाहीतर तो पुढच्या वेळी पुन्हा येतो.

टिप्पणीचा प्रसंग

जुने पान परत मिळवायला त्या माजी कर्मचाऱ्याला शोधावे लागले. त्याने आनंदाने अधिकार सोपवले. प्रशिक्षण चालू असतानाच, सातव्या आठवड्यात, पान पुन्हा सुरू झाले. समितीला काहीतरी दिसायला हवे होते.

थोड्याच दिवसांत एका वाचकाने पानावर लिहिले की पुस्तक परत करूनही मुदत उलटल्याचे संदेश येत आहेत. देवघेवच्या एका कर्मचाऱ्याने काही मिनिटांत उत्तर दिले. वाचकाच्या नावापुढे पुस्तकाचे शीर्षक लिहिले, ते कधी नेले ती तारीख लिहिली, आणि नोंद दुरुस्त केल्याचे कळवले. हेतू स्वच्छ होता आणि कामही तत्पर झाले होते. पण ते पुस्तक एका आजाराविषयी होते. वाचकाच्या ओळखीच्या लोकांनी ते वाचले. वाचकाने सायंकाळी दूरध्वनी केला तेव्हा त्यांच्या आवाजात राग होता आणि त्याखाली भीती होती.

सभासद काय वाचतो हे ग्रंथालयाने कोणाला सांगायचे नसते, हे या व्यवसायाचे मूळ वळण आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या १९३९ सालच्या आचारसंहितेत ते आहे, इफ्ला या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २०१२ सालच्या संहितेतही आहे. त्या कर्मचाऱ्याला हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. काउंटरवर त्याने वाचकाच्या पुस्तकाचे नाव दालनभर ऐकू जाईल असे कधी उच्चारले नसते. पडद्यावर मात्र त्याला फक्त प्रश्न विचारणारा एक माणूस दिसत होता. बाजूला उभे असलेले दालन दिसत नव्हते. अभ्यासक्रमाने त्याला उत्तर कसे टाकायचे ते शिकवले होते. गोपनीयतेची पायरी दहाव्या आठवड्यात यायची होती.

त्या संध्याकाळी घेतलेले निर्णय असे. उत्तराची प्रत फाइलसाठी ठेवून ते पानावरून काढले. मुख्य ग्रंथपालांनी वाचकाला स्वतः दूरध्वनी करून क्षमा मागितली आणि त्यांची तक्रार लेखी नोंदवून घेतली. पानावर कोणताही तपशील न देता एक ओळ टाकली: 'सभासदाच्या खात्याची माहिती आमच्याकडून उघड झाली, ही आमची चूक आहे, ती दुरुस्त केली आहे.' कर्मचाऱ्याचे नाव कुठेही आले नाही. समितीत कारणे दाखवा नोटिशीचा विषय निघाला, तेव्हा मुख्य ग्रंथपाल म्हणाल्या, "नियम आपण लिहिला नव्हता, मग त्याने मोडला काय?" विषय तिथेच मिटला.

पुढे काय, यावर मतभेद झाले. टिप्पण्या बंद ठेवाव्यात हे एक मत. प्रत्येक उत्तर मुख्य ग्रंथपालांच्या मंजुरीनेच जावे हे दुसरे. दुसरा मार्ग काही आठवडे अवलंबला आणि सोडावा लागला. मंजुरीच्या वाटेत उत्तरे अडकून राहायची आणि 'आज ग्रंथालय उघडे आहे का' याचे उत्तर दुसऱ्या दिवशी जायचे. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतले चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवायला सांगते. ही पद्धत त्याच्या अगदी उलट होती.

अखेर एका पानाचा नियम लिहिला, तोही देवघेवच्या लोकांनीच. सभासदाच्या खात्याविषयी उघड्यावर एक शब्दही नाही, वाचकाने स्वतः सगळे लिहिले असले तरीही; अशा प्रश्नाला 'कृपया काउंटरशी दूरध्वनीवर बोला' एवढेच उत्तर. मुलांची छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीशिवाय नाहीत. गोष्टींच्या तासाचे चित्रण टाकायचे तर पुस्तकाच्या प्रकाशकाची परवानगी आधी. उत्तर फक्त कामाच्या वेळात, आणि ती वेळ पानावर लिहिलेली. माहीत नसेल तर 'शोधून सांगतो' म्हणायचे आणि प्रश्न संदर्भ विभागाच्या नोंदवहीत चढवायचा.

निष्पत्ती

दहा आठवडे पुरे झाले तेव्हा बहुतेकांनी बहुतेक गोष्टी केल्या होत्या; काहींच्या राहिल्या आणि त्यांचा पाठपुरावा केला गेला नाही. एका शाखेत कर्मचारी इतके कमी होते की तिथे उपक्रम जवळपास झालाच नाही. ती उणीव आजही तशीच आहे.

खात्यांची संख्या वाढवण्याऐवजी कमी केली. फेसबुकचे पान राहिले, त्याला आता तीन प्रशासक आहेत. शाखेचा व्हॉट्सॲप गट बंद करून चॅनेल सुरू केले, कारण त्यात अनुसरणाऱ्यांना एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत. प्रसारण सूचीचाही विचार झाला होता, पण ज्यांच्या फोनमध्ये ग्रंथालयाचा क्रमांक जतन आहे त्यांनाच तिचा संदेश पोचतो आणि एका सूचीत २५६ पेक्षा जास्त क्रमांक मावत नाहीत, म्हणून ती सोडली. इतर ठिकाणी उघडलेली खाती 'आम्ही इथे नसतो, अमुक ठिकाणी भेटा' एवढा मजकूर ठेवून थांबवली. दोन टप्प्यांच्या पडताळणीचा (पासवर्डनंतर खात्री करण्यासाठी येणारा) संकेत कोणाच्या खासगी फोनवर जाऊ नये म्हणून ग्रंथालयाचा वेगळा फोन घेतला, तो देवघेवच्या कपाटात असतो.

सूचनाफलकाचे छायाचित्र घेऊन तेवढेच पानावर टाकण्याची सवय मोडायला सर्वांत जास्त वेळ लागला. दृष्टिहीन वाचक पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे साधन) वापरतात आणि चित्रातली अक्षरे त्यांच्यापर्यंत नीट पोचतीलच असे नसते. आता प्रत्येक चित्राखाली तीच सूचना युनिकोड मजकुरातही असते.

वेगळे काय करता आले असते

गोपनीयता दहाव्या आठवड्यातून पहिल्यात आणायला हवी होती. पुन्हा आखलेल्या अभ्यासक्रमात ती पहिल्याच दिवशी आहे आणि तिची सुरुवात फोनपासून होत नाही, काउंटरपासून होते: वाचकाविषयी आपण काय बोलत नाही, याची यादी कर्मचारी स्वतः करतात आणि मग तीच यादी पानाला लावतात. माझ्या मते हा बदल सगळ्या उपक्रमातला सर्वांत महत्त्वाचा आहे. अनुभवी माणसाकडे व्यवसायाची समज आधीच असते. नवे साधन हातात देताना ती समज सोबत आणायला कोणी सांगत नाही, आणि मग तो त्या साधनापुढे स्वतःला नवशिका समजू लागतो.

पान सुरू करण्याची घाई टाळता आली असती. समितीला दाखवण्यासाठी शिकणाऱ्यांचा सामायिक कागद पुरेसा होता; त्यात त्यांना कामाचा खरा हिशेब दिसला असता. शिकण्याचा तास पहिल्या आठवड्यापासून वेळापत्रकात असता तर देवघेवच्या लोकांना 'रस नाही' हा शिक्का बसला नसता. कमी कर्मचारी असलेल्या शाखेसाठी मुख्य इमारतीतून बदली माणूस पाठवणे शक्य होते; त्याचा विचार झाला तोवर दहा आठवडे संपत आले होते.

एका प्रश्नावर मात्र अजून एकमत नाही. सुटीच्या दिवशी किंवा रात्री पानावर येणाऱ्या संदेशांना आपोआप उत्तर जावे, असे काहींना वाटते. ज्येष्ठ कर्मचाऱ्यांपैकी काहींचा त्याला विरोध आहे, माणूस नसताना ग्रंथालयाच्या नावाने कोणी बोलू नये म्हणून. सध्या पानावर कामाच्या वेळा लिहिलेल्या आहेत, आणि सकाळी दार उघडल्यावर देवघेवचा पहिला कर्मचारी रात्रीचे संदेश नोंदवहीत उतरवून घेतो.